निष्ठेची पाणीपट्टी

वकील ज्याचं वकीलपत्र घेतो त्याची बाजू मांडतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण तोच वकील आमदार झाला, तर त्यानं कुणाचं ऐकायचं? स्वतःच्या विचाराचं, का मतं देणाऱ्यांच्या कोरड्या घशाचं?

आमच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख वकीलच. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, वकिली केली सांगोल्यात. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून आमदार झाले. मध्ये १९७२ आणि १९९५ ला पडले, पण २०१४ पर्यंत अकरा वेळा निवडून आले. पक्ष आटत गेला, यांनी झेंडा बदलला नाही. दोनदा मंत्री झाले, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. लोक त्यांच्या एसटीच्या प्रवासाचं कौतुक करतात. ते खरंच आहे. पण एसटीनं जाण्याचा त्रास त्यांचा त्यांना. निष्ठेचं तसं नाही.

पारावर बसलं की कुणीतरी म्हणतंच, "आबासाहेब सत्तेकडं गेले असते तर पाणी कवाच आलं असतं." हे बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. साधू उपाशी राहिला तर पोट त्याचं. घरच्या कारभाऱ्यानं उपास धरला तर पोरं पण उपाशी राहतात.

मी याचा विचार शेतातल्या पाळीवरनं करतो. सामाईक विहिरीची पाळी ठरवणारा माणूस आज पैसे घेऊन मला रात्रीचं जादा पाणी देईल. माझं रान भिजेल, मी खूश. पण विकायची सवय लागलेला माणूस उद्या माझी पाळी दुसऱ्याला विकेल. माझ्यासाठी फिरला तो माझ्यावरही फिरतो. म्हणून पाळीला न फिरणारा माणूस लागतो.

पण नुसतं न फिरणं म्हणजे निष्ठा नव्हे. खुंटासुद्धा जागचा हलत नाही. गणपतरावांनी सांगोल्यात सूतगिरणी उभी केली. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीनं कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मागितलं. कराडजवळ उचललेलं ते पाणी टेंभू योजनेतून टप्प्याटप्प्यानं वर चढत आमच्या तालुक्यापर्यंत आलं. उशिरा आलं, पण मागून आलं, विकत नाही.

आणि ही किंमत आमच्यावर कुणी लादली नव्हती. दर निवडणुकीत आम्हाला विचारलं जात होतं. दोनदा आम्ही नाही म्हणालो, अकरा वेळा हो म्हणालो. तेव्हा जे मोजलं ते आम्ही आमच्या हातानं मोजलं. ३० जुलै २०२१ ला ते गेले, तेव्हा तालुका रडला तो काही फुकट नाही.

एवढं पटतं. तरी एक गोष्ट उरतेच. त्या साठ वर्षांत कळशी भरण्यासाठी शाळा बुडवलेल्या किती पोरी असतील. त्यांना मत नव्हतं. त्यांची संमती आम्ही कधी घेतली?