आजीच्या ओव्या अपलोड करू का?

गेल्या दिवाळीत धुळ्याला गेलो होतो, तेव्हा एका एआय चॅटबॉटकडून अहिराणीत चार वाक्यं लिहून घेतली आणि आजीला वाचून दाखवली. आजी हसली. म्हणाली, ही तर मराठीच आहे, ‘आहे’च्या जागी फक्त ‘शे’ बसवलाय.

मला हसू आलं नाही, कारण असं का होतं हे मला कामामुळे माहीत आहे. मॉडेल मिळालेल्या मजकुरावरून शिकतं. २०११च्या जनगणनेत खानदेशी-अहिराणी बोलणारे अठरा लाखांवर होते, पण इंटरनेटवर त्यांचं लिखाण फारच थोडं. मग मॉडेल शेजारच्या मोठ्या भाषेतून उसनं घेतं आणि ते बेधडक अहिराणी म्हणून खपवतं.

चुकीचं का होईना, काहीतरी आहे ना? स्कॉट्स भाषेचं उदाहरण बघा. २०२० मध्ये उघड झालं, की स्कॉट्स विकिपीडियावरचे वीस हजारांहून जास्त लेख एका अमेरिकन मुलाने लिहिलेत आणि त्याला स्कॉट्स येतच नव्हती. बाराव्या वर्षी त्याने सुरुवात केली होती. हेतू वाईट नव्हता. पण ज्याने स्कॉट्स पहिल्यांदा तिथे वाचली, त्याला ती बिघडलेली इंग्रजीच वाटली असणार. भाषा नसली तर निदान तिची उणीव तरी दिसते. खोटी असली तर तीही झाकली जाते.

मग खरा डेटा द्यावा, हे ओघानं आलं. माझ्या फोनमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. ते द्यायचं कुणाला?

न्यूझीलंडच्या ते हिकू मीडिया या माओरी संस्थेने २०१८ मध्ये दहा दिवसांत लोकांकडून तीनशेहून जास्त तासांचं रेकॉर्डिंग जमवलं. ते मोठ्या कंपन्यांच्या हवाली न करता त्यांनी माओरी बोलणं ओळखणारी प्रणाली स्वतःच बनवली. त्यांच्या मते हा डेटा संस्थेच्या मालकीचा नाही, ती फक्त त्याची राखणदार आहे. म्हणजे द्यावं की नाही याआधीचा प्रश्न हा, की ठरवणार कोण.

म्हणून आजीलाच विचारलं. ती म्हणाली, “त्यात माझ्या गेलेल्या बहिणीचं नाव आहे. कोण ऐकणार ते?”

अपलोड केल्यावर कोण ऐकेल, हे मला सांगता येणार नव्हतं. जिथे ते सांगता येईल अशी जागा अहिराणी बोलणाऱ्यांनाच उभी करावी लागेल, आणि त्यातलं कोडिंग मला येतं. तोवर फाइल फोनमध्येच आहे.