कुणाचेच अडले नाही

2015 च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकेची निवडणूक झाली. पुढच्याच महिन्यात ज्याची अठरा वर्षे पूर्ण झाली, त्या मुलाला आपला नगरसेवक निवडण्याची पहिली संधी कधी मिळाली? 15 जानेवारी 2026 रोजी. तोवर तो अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. मधल्या काळात शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, त्याने दोनदा लोकसभेला आणि दोनदा विधानसभेला मत दिले. पण नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, हे ज्या सभागृहात विचारायचे ते सभागृह निम्म्याहून अधिक काळ रिकामेच होते.

लोकशाही संकटात आहे असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे येतात, 1975 ची आणीबाणी येते, नाहीतर अमेरिकेच्या संसदेवर चालून गेलेला जमाव येतो. सगळे कसे दिसण्याजोगे. महाराष्ट्रात घडले त्यात दिसण्याजोगे काहीच नव्हते. मुदत संपली, प्रशासक आला, महापौरांच्या दालनाला कुलूप लागले आणि लोक कामाला गेले. कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर यांची मुदत 2020 मध्येच संपली होती. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर मार्च 2022 मध्ये त्या रांगेत आले. पहिल्या गटातल्या शहरांनी पाच वर्षांची एक अख्खी कारकीर्द गमावली आणि ती कुणाच्या खात्यावर मांडायची हे अजून ठरलेले नाही. आता निवडणुका झाल्या, नवे नगरसेवक आले, हार-तुरे झाले. मग जुनी मढी कशाला उकरायची, असे कुणी म्हणेल. उकरायलाच हवीत, कारण तो काळ कसा गेला याची साधी चौकशीसुद्धा कुणी मागितलेली नाही.

घटनेत याला जागाच नव्हती. 74 वी घटनादुरुस्ती 1993 च्या जूनमध्ये लागू झाली ती नेमकी याच रोगावर. त्याआधी राज्य सरकारे मनात येईल तेव्हा पालिका बरखास्त करून प्रशासक बसवत. मुंबईतही 1984-85 मध्ये प्रशासक होता. म्हणून दुरुस्तीत स्पष्ट लिहिले गेले की पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. 2006 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हेच बजावले. नैसर्गिक आपत्तीसारखी सबब असेल तर गोष्ट वेगळी. बाकी प्रभागरचना राहिली, मतदारयाद्या राहिल्या ही कारणे चालणार नाहीत. इतका लख्ख कायदा असताना हे घडले.

सबब मात्र बदलत गेली. आधी कोविड, तो खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही. मग मार्च 2021 मध्ये विकास गवळी खटल्याचा निकाल आला. ओबीसींना सरसकट 27 टक्के जागा देता येणार नाहीत. आयोग नेमा, प्रत्येक स्थानिक संस्थेपुरती माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत ठेवा. राज्याकडे माहिती नव्हती. बांठिया आयोगाने ती जमवली आणि जुलै 2022 मध्ये न्यायालयाने अहवाल मान्यही केला. गाडी रुळावर येतेय तोच प्रभागांचा घोळ पुढे आला. महाविकास आघाडीने मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 केले होते, ऑगस्ट 2022 मध्ये नव्या सरकारने ते परत 227 केले. त्यावर याचिका, याचिकेवर ‘जैसे थे’चा आदेश, आणि मग तारखांवर तारखा. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बांठिया अहवालापूर्वी ओबीसींच्या जागा होत्या तशा धरा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका. सरकारने आणखी वेळ मागितला, तेव्हा 31 जानेवारी 2026 ही अखेरची मुदत मिळाली.

मला यातली खटकणारी गोष्ट अशी की मे 2025 चा हा तोडगा काढायला नवे काहीच लागले नाही. नवी माहिती नाही, नवा आयोग नाही, नवा कायदा नाही. अंतिम निकालाच्या अधीन राहून जुन्या आरक्षणावर निवडणूक घ्या, हा आदेश तीन वर्षे आधीही देता आला असता. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता. पण सभागृहच नसेल तर आरक्षित जागेवर बसणार कोण? विलंबाचा पहिला फटका ओबीसी कार्यकर्त्यांना बसला आणि तितकाच बायकांना. 2011 पासून राज्यात पालिकेच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. विधानसभेत आजही त्या मूठभर दिसतात. स्त्रीला राजकारणात शिरायचा जो एकच दरवाजा सताड उघडा होता, तोच बंद राहिला.

आता जरा आडवे पाहू. याच काळात, एप्रिल-मे 2024 मध्ये, लोकसभेची निवडणूक झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेची झाली. केंद्रे तीच, शाळेचे वर्ग तेच, ड्युटी लागलेले शिक्षक तेच, बोटाला लागणारी शाई तीच. तिथे कुणाला प्रभाग आडवे आले नाहीत. म्हणजे निवडणूक घेण्याची ताकद नव्हती असे नाही, निकड नव्हती. निकड का नव्हती, ते मार्च 2022 मध्येच दिसून आले होते. मुंबई महापालिकेची मुदत संपत होती त्याच आठवड्यात विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. कायदा एकमताने मंजूर झाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका विषयावर हातात हात घालून उभे होते!

कारण उघड आहे. मुंबईत 36 आमदार आणि 227 नगरसेवक, म्हणजे प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात सरासरी सहा जण असे, की ज्यांची नजर त्याच्या खुर्चीवर आहे. गल्लीतल्या माणसांना ते नावाने ओळखतात, लग्ना-मयताला आमदाराच्या आधी पोहोचतात. पाचही वर्षे हे सहा जण ‘माजी’ राहिले तर आमदाराची झोप बरी लागते. त्यात नगरसेवकांचा निधी थांबल्यावर पालिकेचा पैसा आमदारांच्या शिफारशीने वाटला जाऊ लागला, आणि तो सत्ताधारी बाकांकडेच वाहिला असे मुंबईच्या वर्तमानपत्रांनी आकडे देऊन छापले. मौज अशी की ज्यांनी राज्य चालवले तेही याच शिडीने वर आले. देवेंद्र फडणवीस बाविसाव्या वर्षी नागपूरचे नगरसेवक झाले आणि सत्ताविसाव्या वर्षी महापौर. एकनाथ शिंदे ठाणे महापालिकेतून घडले. त्या वयाच्या संभाजीनगरच्या मुलाला तर अजून नगरसेवकासाठी मतही देता आले नव्हते.

‘पण प्रशासकाच्या काळात कामे बरी झाली,’ असे सांगणारी सुशिक्षित मंडळी मला या चार वर्षांत पुष्कळ भेटली. नगरसेवक नाहीत म्हणजे टक्केवारी नाही, गोंधळ नाही, फाईल झटपट सुटते. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. स्थायी समितीत काय चालायचे हे शहराला ठाऊक आहे आणि त्या खोलीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. तरीही ती खोली कशी चालते ते एकदा नीट पाहावे. दर आठवड्याला बैठक. विषयपत्रिका आधी सदस्यांच्या हाती आणि तिथून तासाभरात पत्रकारांच्या हाती. रस्त्याचा प्रस्ताव आला की कुणीतरी हरकतीचा मुद्दा घेतो: अंदाजपत्रकापेक्षा बोली इतक्या टक्क्यांनी वर कशी? मागच्या कामात दंड झालेला ठेकेदार पुन्हा आत कसा आला? मुख्य अभियंत्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. कधी प्रस्ताव राखून ठेवला जातो, कधी फेरविचारासाठी परत जातो, कधी दप्तरी दाखल होतो. विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला स्वतःचा वाटा हवा असतो. पण तो प्रश्न कार्यवृत्तात नोंदला जातो, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या-माझ्या पेपरात येतो.

ती खोली बंद असताना मुंबईच्या रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे 6 हजार कोटींची कंत्राटे एका झटक्यात दिली गेली. पुढे शहर किती महिने उकरलेले होते, हे मुंबईकरांना सांगायला नको. 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार 427 कोटींचा, काही लहान राज्यांपेक्षा मोठा. तो आयुक्तांच्या प्रशासनाने तयार केला आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केला. त्यात कुणाची अप्रामाणिकता शोधायची गरज नाही. अधिकारी सज्जन असतील. पण त्यांची बदली मंत्रालयातून होते, माझ्या गल्लीतून नाही. आणि गल्लीचे हाल वेगळेच. गटार तुंबले की ॲपवर तक्रार करायची, क्रमांक मिळायचा, संध्याकाळी ‘निराकरण करण्यात आले आहे’ असा संदेश यायचा. गटार जागच्या जागी. पूर्वी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन टेबल आपटता येत असे, तेही गेले.

महाराष्ट्र काही एकटा नाही. चेन्नईत 2016 ते 2022 निवडून आलेले सभागृह नव्हते. बेंगळुरूत सप्टेंबर 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तिथेही वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार चालला. पक्ष वेगळे, भाषा वेगळ्या, सोय एकच.

वास्तविक आपल्याकडे या परंपरेला मोठी मुळे आहेत. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पालिकेचा पैसा उधळायला त्यांनी विरोध केला, तेव्हा सभागृहात ते एकटे पडले होते. फिरोजशहा मेहता ज्या 1888 च्या मुंबई कायद्यासाठी झटले, त्याचे सूत्रच असे की काम आयुक्त करील आणि पैशाचा जाब निवडून आलेले लोक विचारतील. परकीय राज्यात जो जाब विचारता येत होता, तो स्वराज्यात चार-पाच वर्षे विचारता आला नाही, आणि यासाठी एकाही मोठ्या पक्षाने कधी बंद पुकारल्याचे मला आठवत नाही. पुतळ्यांसाठी मोर्चे निघाले, भाषेसाठी निघाले, आरक्षणासाठी लाखोंचे निघाले. ‘आमची निवडणूक घ्या’ हा मोर्चा मला दिसला नाही.

आणि निवडणूक आली तेव्हा काय झाले? मुंबईत मतदान निम्म्याच्या थोडेच वर सरकले. कल्याण-डोंबिवलीसह अनेक ठिकाणी काही जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या. पाच वर्षे थांबलेल्या तिथल्या मतदाराला त्या जागेसाठी ‘नोटा’चे बटण दाबायची सोयही उरली नाही.

लोकशाही वाचवायची म्हणजे संविधानाची प्रास्ताविका मोठ्याने वाचायची, एवढ्यावर भागेल असे मला वाटत नाही. इथे लागते ते रुक्ष, कारकुनी काम. मुदत संपण्याआधी नवी प्रभागरचना झाली नाही तर जुन्याच प्रभागांवर आणि जुन्याच आरक्षणावर निवडणूक आपोआप लागेल, अशी तरतूद कायद्यात हवी. मग प्रभाग अडवून ठेवण्यात कुणालाच फायदा राहणार नाही. प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडे परत गेला पाहिजे. जो स्पर्धेत उतरणार त्यानेच मैदान आखायचे हे कुठल्याही खेळात चालत नाही. प्रशासक बसलाच तर त्याला रोजच्या खर्चाचे अधिकार असावेत, वर्षानुवर्षांची कंत्राटे देण्याचे नसावेत. विधेयक आणायचे म्हटले तर यातले काहीही अवघड नाही. विधेयक आणणारे कोण, हीच अडचण आहे.

नव्या सभागृहांची मुदत 2031 च्या सुरुवातीला संपेल. त्याआधी, 2027 ची जनगणना जातनिहाय आकडे घेऊन येईल. लोकसंख्या बदलेल म्हणून प्रभाग बदलावे लागतील, जातींचे आकडे येतील म्हणून आरक्षण नव्याने मांडावे लागेल, आणि दोन्हींवर याचिका होतील. त्या होणारच, व्हाव्यातही. पण त्यांच्या सुनावण्या मुदत संपण्याआधी आटोपायच्या तर प्रभागरचनेचा मसुदा 2030 च्या पावसाळ्याआधी जाहीर होऊन हरकती-सूचनांसाठी खुला झालेला असला पाहिजे. तो वेळेत निघाला नाही तर राज्य निवडणूक आयोगाने त्याच महिन्यात न्यायालयात जायला हवे. 2006 च्या निकालाने तो मार्ग आयोगाला दाखवून ठेवला आहे. आणि आयोग गेला नाही, तर माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज टाकायला प्रत्येक शहरात एखादा तरी खटपट्या माणूस आतापासून हेरून ठेवलेला बरा.