लाकडी बैल आणि प्लास्टिकची गाडी



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात तान्हा पोळा भरतो. चाकांच्या पाटावर उभा असलेला लाकडी बैल दोरीने ओढत मुले दारोदार फिरतात. कुणी त्यांना खाऊ देतो, कुणी पैसे. त्याला आपल्याकडे बोजारा म्हणतात. दुसरे रघूजी भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. कितीतरी घरांत हा बैल आजोबांच्या वेळचा असतो. शिंग मोडले तर सुताराकडून बसवून घेतात, रंग उडाला तर नवा देतात. दिवस सरला की तो माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा खाली उतरतो. मात्र वर्षाचे बाकी दिवस त्याच घरातले लेकरू प्लास्टिकच्या गाडीशी खेळते.

हल्ली काही तरुण आईवडील विचारतात, "फादर, मुलांना लाकडीच खेळणी द्यावीत, प्लास्टिकची देऊच नयेत, असे म्हणतात. हे खरे का?" प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटतो. पण विचारणाऱ्याच्या मनात दुसराच प्रश्न असतो: मी चांगला बाप आहे का? मी चांगली आई आहे का? म्हणून त्याचे उत्तर नीट शोधायला हवे.

पहिली गोष्ट ही की लाकडात पुण्य नाही आणि प्लास्टिकमध्ये पाप नाही. पाप-पुण्य माणसाच्या कृतीत असते. लाकडी खेळण्याच्या रंगातही शिसे असू शकते. लाकडी म्हणून विकली जाणारी काही खेळणी भुसा आणि रासायनिक गोंद दाबून केलेल्या फळीची असतात. दुसरीकडे, मऊ प्लास्टिकमध्ये थॅलेट नावाची रसायने असू शकतात आणि सगळे तोंडात घालणाऱ्या बाळाला ती बाधतात. म्हणून १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, मग ते लाकडाचे असो की प्लास्टिकचे. नोंदणी झालेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा त्यांच्याकडून घेताना रंग कोणता वापरला, हे आपणच विचारावे.

टिकाऊपणाचेही तसेच. डेन्मार्कमधल्या ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने मंदीच्या काळात, १९३२ साली, लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे त्याच्या कारखान्याने प्लास्टिकचे ठोकळे काढले, १९५८ साली त्यांच्या जोडणीचे पेटंट घेतले आणि १९६० साली लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागल्यावर ती खेळणी करणेच बंद केले. तेच आजचे लेगो. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात अजून घट्ट बसतो. म्हणजे प्लास्टिकही पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते.

आता किमतीचे बघा. चांगला लाकडी बैल शेकडो, कधी हजारो रुपयांना जातो. चार घरची धुणीभांडी करून परतणारी आई सीताबर्डीच्या फुटपाथवरून लेकरासाठी वीस-तीस रुपयांची गाडी घेते. तिचे प्रेम कमी का? मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा प्रभू येशूने पाहिली, तसाच तो या आईलाही पाहत असेल. आपल्या घरातल्या लाकडी खेळण्यांचा तोरा मिरवून तिच्या गाडीकडे नाक मुरडणारा माणूस त्या परुशाचाच भाऊ, जो देवळात उभा राहून जकातदारापेक्षा आपण बरे म्हणून आभार मानत होता.

मग काहीही घेतले तरी चालते का? तसेही नाही. वस्तू बोलत नाहीत, पण शिकवतात. आठवड्यात मोडणारी दहा खेळणी देताना आपण मुलाला शिकवतो की वस्तू मोडणारच, मोडली की फेकायची आणि रडले की नवी मिळते. फेकलेले नाहीसे होत नाही. ते भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते. तिथे आग लागली की आजूबाजूच्या वस्तीतली माणसे तो धूर घेतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी लिहिले. ही वृत्ती वस्तूंपाशी थांबत नाही, दुर्बल माणसांनाही बाजूला सारते, असा त्यांचा इशारा होता. खुळखुळा मोडताच फेकायला शिकलेला हात उद्या आजारी आजोबांना अडगळ मानणार नाही, याची हमी कोण देईल?

उलट टोकही आहे. सावंतवाडीहून आणलेली सुंदर लाकडी फळे काचेच्या कपाटात आणि मुलाला ताकीद, "हात लावू नको!" ती मोठ्यांची शोभा झाली, मुलाचे खेळणे कुठे राहिले? अॅरिस्टॉटलसारख्या तत्त्ववेत्त्याने खुळखुळ्याची स्तुती केली आहे, कारण लहान मूल स्वस्थ बसू शकत नाही आणि खुळखुळा हाती असला की घरातल्या वस्तू फोडत नाही. संत थॉमस अक्वायनस खेळाला मनाची विश्रांती म्हणतात आणि खेळाला अजिबात जागा न देणे हाही दोष मानतात. खेळणे खेळण्यासाठी असते, हे आधी मान्य करू या.

तेव्हा खेळणे घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ते बाळाच्या तोंडात गेले तर बाधणार नाही ना? मोडले तर दुरुस्त होईल का? माझ्या लेकराचे खेळून झाल्यावर दुसऱ्या लेकराला देता येईल का? लाकडी खेळणे पुष्कळदा या कसोटीला उतरते, म्हणून परवडत असेल तर ते घ्यावे. सुताराच्या घरातही त्याने चूल पेटेल. नाही परवडले, तर दहा तकलादू गाड्यांऐवजी एक धड गाडी घ्यावी आणि मन खाऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट नाताळच्या वेळी विशेष आठवावी. गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करताना चाक नसलेली गाडी आणि हात नसलेली बाहुली पिशवीत टाकण्याचा मोह होतो. जे आपल्या मुलाच्या हातात देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाच्या हातात देऊ नये. आधी मुलाला शेजारी बसवा, चाक त्याला धरायला द्या आणि स्क्रू तुम्ही पिळा. मोडलेले पुन्हा उभे राहते, हे त्याला तुमच्या हातांतून कळेल. नाझरेथच्या सुताराच्या घरी बाळ येशू संत योसेफांजवळ बसून काम शिकला असेल, तसाच हाही धडा घरातल्या घरात मिळतो.

प्रभू तुमच्या लेकरांना सुखात ठेवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू