आपल्या मुलांचा कल्याणमित्र कोण?



भिक्खू आनंद एकदा तथागतांना म्हणाला की, चांगला मित्र आणि चांगली संगत हा धम्मजीवनाचा अर्धा भाग होय. तथागतांनी त्याला तेथेच अडवले. अर्धा भाग नव्हे, कल्याणमित्र हेच संपूर्ण धम्मजीवन आहे, असे त्यांनी त्याला समजावले. संयुत्तनिकायात हा संवाद आला आहे. माणसाने स्वयंदीप व्हावे असे सांगणारे तथागतच हे सांगतात, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. यात विरोध नाही. चालायचे ते ज्याचे त्यानेच; परंतु वाट दाखवणारा आणि वाटेत सोबत करणारा कोणीतरी लागतोच.

आज हा उपदेश मी तुमच्यापुढे ठेवतो आहे तो आपल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी.

मी शाळामास्तर आहे. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पदवी हाती पडली तेव्हा घरच्यांनी वस्तीत पेढे वाटले. पदवीच्या पुढे एम.एस्सी., त्यापुढे पीएच.डी., त्यासाठी प्रवेशपरीक्षा, त्यासाठी फेलोशिप असा एक रस्ता जातो, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते आणि वस्तीतही नव्हते. ज्यांच्या घरी दोन पिढ्या प्राध्यापक आहेत त्यांच्या मुलांच्या हे जेवता जेवता कानावर पडते. आपल्या मुलांना ते मुद्दाम कोणी सांगावे लागते. बुद्धी दोन्ही घरी सारखीच असते. फरक आहे तो कानावर पडणाऱ्या गोष्टींचा.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांना कोणी वाट दाखवली होती? ते तर स्वतःच्या बळावर मोठे झाले. बाबासाहेबांचे कष्ट अतुलनीय होते यात शंका नाही. पण त्यांचे चरित्र उघडून पाहा, पानोपानी कल्याणमित्र भेटतील. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपणहून चौकशी केली. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच केळुसकरांनी त्याच्या हाती आपण लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. पुढे पैशावाचून शिक्षण अडले तेव्हा त्याला सयाजीराव गायकवाड महाराजांकडे नेणारे तेच, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली ती त्यामुळे. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांच्यासाठी लंडनच्या सिडनी वेब यांना परिचयपत्र दिले. अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करायला शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना मदतीला आले. एकाने पुस्तक दिले, एकाने पैसा दिला, एकाने पत्र दिले. तात्पर्य, प्रज्ञासूर्यालाही उगवण्यासाठी क्षितिज लागले.

आणि बाबासाहेबांनी ते ऋण कसे फेडले? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होताच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात त्यांनी स्पष्ट बजावले की, नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही. त्यांना विज्ञानाचे आणि तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे. त्यासाठी देशात आणि परदेशात शिकण्याच्या शिष्यवृत्त्या त्यांनी मागितल्या आणि मिळवल्या. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचे पंडित असलेल्या पुरुषाने समाजासाठी विज्ञान मागितले, ही दूरदृष्टी आपण विसरलो आहोत. जयंतीच्या मिरवणुकीत त्या निवेदनाचा उल्लेख किती वेळा होतो, हे तुम्हीच आठवून पाहा.

आता प्रश्न असा की, कल्याणमित्र ओळखावा कसा? राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी खऱ्या आणि खोट्या मित्राची लक्षणे सांगितली. खरा मित्र चार प्रकारचा. न ऐकलेले ऐकवून हिताचे सांगणारा, उपकार करणारा, आपल्यासाठी कळवळणारा आणि सुखदुःखात सारखा राहणारा. हे चारही प्रकार आपल्या विद्यार्थ्याला लावून पाहू.

पहिला, न ऐकलेले ऐकवणारा. आपल्या बी.एस्सी.च्या मुलाला कोणीतरी सांगितले पाहिजे की, आय.आय.टी. आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.एस्सी.ला जाण्यासाठी ‘जॅम’ ही परीक्षा असते आणि तिचे अर्ज सामान्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात. भारतातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना चांगल्या प्रयोगशाळांत दोन महिने काम करायला पाठवतात आणि त्याचे विद्यावेतनही देतात. संशोधनासाठी ‘नेट’ची कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हे आई-बापांनाही सांगितले पाहिजे. बांधकामावर जाणाऱ्या आईचा प्रश्न रास्त असतो की, अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत पोरगा शिकतच बसला तर घर कोणी चालवायचे? तिला जाऊन सांगा, बाई, फेलोशिप मिळाली की संशोधन करणाऱ्याला पगारासारखे पैसे मिळतात. त्या एका वाक्याने कित्येक मुलींची लग्ने दोन-चार वर्षे पुढे जातील.

परदेशी शिकू इच्छिणाऱ्यासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींच्या आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. तिच्या ७५ जागा अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहेत. आणखी एक साधी गोष्ट. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. पण केंद्रीय संस्थेला दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. तो प्रवेशाच्या आदल्या दिवशी निघत नाही. तो वर्षभर आधी काढून ठेवा, एवढे सांगणारा माणूससुद्धा कल्याणमित्र होय.

दुसरा, उपकार करणारा. याच्याविषयी तथागत सांगतात की, गरज पडली तर तो मागितल्याच्या दुप्पट देतो. विद्यार्थ्याची गरज पुष्कळदा लहान असते. परीक्षेची फी, परगावच्या मुलाखतीचे गाडीभाडे, तेथे एका रात्रीची राहण्याची सोय. लाखाच्या शिष्यवृत्तीला पात्र असलेला मुलगा हजार-दोन हजारांवाचून घरी बसतो.

मेघनाद साहा यांची हकीकत ऐका. ढाक्याजवळच्या खेड्यातील, कनिष्ठ मानलेल्या जातीतील, एका लहान दुकानदाराचा हा मुलगा १८९३ साली जन्मला. गावात पुढची शाळा नव्हती. दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. अट एवढीच की, त्याने आपले ताट आपण घासावे आणि घरची गाय सांभाळावी. पुढे कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्याला आपल्या पंक्तीला बसू दिले नाही. त्याच साहांनी १९२० साली मांडलेल्या समीकरणाने ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ जगाला लावता आला. त्या डॉक्टरांचे उपकार मोठेच. पण ताटाची ती अट आपल्या डोळ्यांत खुपल्यावाचून राहत नाही. आपण देऊ त्या मदतीला कसलीही अट नसावी. उपजातीची नसावी, गटाची नसावी, पक्षाची तर मुळीच नसावी.

तिसरा, कळवळणारा मित्र. याचे एक लक्षण असे की, आपल्या मित्राविषयी कोणी वाईट बोलू लागला तर तो त्याला थांबवतो. उच्च शिक्षणात शिफारसपत्राला फार महत्त्व असते. नुसते गुण पाहून ते लिहिता येत नाही. लिहिणाऱ्याला विद्यार्थ्याची ओळख हवी. आपली मुले शेवटच्या बाकावर बसतात, शंका विचारत नाहीत, सरांच्या खोलीत जायला बिचकतात. आपले इंग्रजी ऐकून कोणी हसेल ही भीती त्यांना खाते. मग सर त्यांना ओळखणार कसे? त्यांना प्रश्न विचारायला शिकवा. राजा मिलिंद प्रश्न विचारी आणि भदंत नागसेन उत्तर देत. बाबासाहेबांच्या संस्थेच्या महाविद्यालयाला आणि त्याच्या परिसराला याच दोघांची नावे आहेत. कोणाच्याही शब्दावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाची ही मुले. त्यांनी प्रयोगशाळेत मुके राहणे हे धम्मालाही शोभणारे नाही. आणि आपल्यापैकी जे महाविद्यालयांत, विद्यापीठांत अधिकाराच्या जागी आहेत, त्यांनी निवड समितीत ‘हा कोट्यातला’ असे कोणी कुजबुजले तर तेथेच तोंड उघडावे. तेथे गप्प बसणारा मित्र नव्हे.

चौथा, सुखदुःखात सारखा राहणारा. याच्यावाचून पहिले तीन अपुरे आहेत. संस्थेच्या दारापर्यंत पोहोचवले की आपले काम संपले, असे आपण मानतो. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. त्याला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते, आणि सात महिन्यांची फेलोशिप मिळायची राहिली आहे, हेही त्याच्या शेवटच्या पत्रात आहे. त्या मृत्यूमागच्या अन्यायाविरुद्ध समाज रस्त्यावर उतरला, ते योग्यच झाले. परंतु आज दूरच्या वसतिगृहात एकटी पडलेली जी मुले आहेत, त्यांना दर रविवारी फोन करून ‘जेवलास का? फेलोशिप जमा झाली का? गाईड नीट बोलतात का?’ असे विचारणारा कोण आहे? मोर्चा पुष्कळदा मृत्यूनंतर निघतो. मैत्री आधी पोहोचली पाहिजे.

एकटेपणाची ही गोष्ट काही आपल्याच देशातील नाही. अमेरिकेतील काळ्या समाजाची मुलेही ते सोसत आली आहेत. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात उरी ट्राइसमन या गणित शिकवणाऱ्या तरुणाने काळे विद्यार्थी आणि चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात ते जवळून पाहिले. काळी मुले आळशी नव्हती, कष्ट पुष्कळ करीत. पण एकेकटी करीत. चिनी मुले एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत, एकमेकांना शिकवीत. मग त्याने काळ्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र बसण्याचे वर्ग काढले. ‘कच्च्या मुलांची शिकवणी’ असे त्याने त्याला म्हटले नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे दिली. मुले चांगल्या गुणांनी पार पडली. बाल्टिमोरजवळील एका विद्यापीठात फ्रीमन हराबाउस्की या काळ्या गणितज्ञाने १९८८ साली मायरहॉफ नावाची योजना उभी केली. तीतही मुले एकत्र राहतात, एकत्र अभ्यास करतात आणि पीएच.डी.चे ध्येय पहिल्या वर्षापासून डोळ्यांसमोर ठेवतात. करोनाच्या लसीवर काम केलेली किझमेकिया कॉर्बेट ही काळी शास्त्रज्ञ याच योजनेतून पुढे आली. यालाच आपण संघ म्हणतो. बुद्ध आणि धम्म यांच्याबरोबर तथागतांनी संघ का ठेवला, याचे उत्तर गणिताच्या वर्गातही सापडते.

सिगालाला तथागतांनी खोटा मित्रही सांगितला आहे. बोलघेवडा मित्र मागच्या उपकारांच्या गोष्टी सांगतो, पुढच्या आश्वासनांनी भुलवतो आणि ऐन गरजेच्या वेळी अडचण सांगतो. दहावी-बारावीच्या मुलांचे आपण गुणगौरव समारंभ करतो. पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांची भाषणे, फोटो. कौतुक जरूर करावे. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलीला कोणत्या शाखेला जाऊ हे विचारायला एकही दार उघडे नसेल, तर तो समारंभ कोणाचा झाला? तिचा की पाहुण्यांचा? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांबद्दलची व्यथा बोलून दाखवली होती. ती व्यथा आपल्यासारख्या पगारदारांसाठीच होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण विहारात ग्रंथवाचन करतो. त्या तीन महिन्यांत आठवड्याची एक संध्याकाळ विज्ञान-गणिताच्या मुलांना द्या. फळा, खडू आणि चटई एवढे पुरे. अवघड उदाहरणे घ्या आणि मुलांना एकमेकांना समजावू द्या. विहारात एक वही ठेवा. वस्तीतील बारावीपुढचा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी काय शिकते आणि पुढच्या कोणत्या परीक्षेची तारीख कधी आहे, ते तीत लिहा. आणि प्रत्येक पदवीधराने एक विद्यार्थी आपला मानावा. दहा नकोत, एकच. पण त्याला पाच वर्षे सोडायचे नाही. स्वतःला विज्ञान येत नसेल तरी हे जमते. केळुसकर गुरुजींनी काही बाबासाहेबांना अर्थशास्त्र शिकवले नव्हते. बागेत वाचत बसलेल्या मुलाजवळ ते थांबले आणि त्यांनी त्याची विचारपूस केली, एवढेच.

दानात धम्मदान श्रेष्ठ मानले आहे. आपल्याला जी वाट कळली ती मागून येणाऱ्याला सांगणे, हेही धम्मदानच आहे. त्याला पैसा थोडा लागतो, वेळ मात्र द्यावा लागतो. हा अंक खाली ठेवण्यापूर्वी आपल्या गल्लीतील अशा एका मुलाचे किंवा मुलीचे नाव मनाशी धरा, आणि येत्या रविवारी त्या घरी जा.

सर्वांचे मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!