कोरड्या तोंडाचा गुन्हा

गावात चोरी झाली की संशयितांना ओळीने बसवायचे आणि मंतरलेले कोरडे तांदूळ चावायला द्यायचे, अशी एक जुनी रीत होती. ज्याच्या तोंडातून तांदूळ कोरडेच बाहेर पडले, तो चोर. भीतीने लाळ सुकते, एवढेच त्यामागचे शास्त्र. पण भीती फक्त चोरालाच वाटते हे कोणी ठरवले? ज्याच्यावर सगळ्या गावाचा आधीपासूनच डोळा आहे, पाटलासमोर ज्याने कधी मान वर केलेली नाही, त्याच्या तोंडचे पाणी त्या ओळीत बसतानाच पळते.

तांदूळ गेले, रीत गेली नाही. ‘नजरेला नजर देत नव्हता’, ‘बोलताना त. त. प. प. करत होती’, ‘चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं’, अशा वाक्यांवर आपण अजून निवाडे करतो. माझ्या लहानपणी घरातली एक अंगठी हरवली. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना विचारले, तेव्हा त्या अडखळल्या, पदराचे टोक पिळत उभ्या राहिल्या. तेवढ्यावर त्यांचे काम सुटले. दिवाळीच्या साफसफाईत अंगठी पिठाच्या डब्यात सापडली. माफी मागायला घरातले कोणी गेले नाही. मोठा झाल्यावर मीही गेलो नाही, आणि याची लाज मला आजही वाटते.

खोटे बोलणाऱ्याची लक्षणे सांगण्याचा सोस फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत ती यादीच दिली आहे: जागेवर स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, तोंडाचा रंग उतरतो, बोलणे कोरडे आणि अडखळते होते. आजची मासिके आणि व्हिडिओ याहून वेगळे काय सांगतात? पण याच स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात ‘मिताक्षरा’ टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने इथे थांबून बजावले आहे की, या खुणांवरून दोषाची शक्यता तेवढी धरावी, निश्चय करू नये. कारण माणसाचा मूळ स्वभाव कोणता आणि प्रसंगाने आलेला विकार कोणता, हे वेगळे काढणे कठीण आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे हे शहाणपण आपण बाजूला टाकले आणि यादी तेवढी जपली.

आणखी एक गोष्ट त्याच स्मृतीत आहे, तीही झाकून ठेवू नये. खरेखोटे ठरवण्यासाठी दिव्य करायचे, तर ब्राह्मणाला, स्त्रीला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला तराजूत बसवायचे. शूद्राला मात्र अग्नी, पाणी किंवा विष. म्हणजे खरे बोलतो आहे हे सिद्ध करण्याची किंमतही जातीप्रमाणे ठरलेली होती. इंग्रजांनी १८७१ पासून कायदे करून पारध्यांसारख्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये ते कायदे गेले. तरी आसपास चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालांवर पडते, हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? पोलिसाच्या दंडुक्यासमोर त्या पालातला पोरगा थरथरतो, आणि ती थरथर त्याच्याविरुद्धचा पुरावा होते.

यंत्राने तरी न्याय होतो का? पॉलिग्राफ श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतो. या सगळ्यांतून कळते ती माणसाची घालमेल. ती खोटेपणाची की अपमानाची, हे यंत्राला कळत नाही. तांदळाची जागा तारांनी घेतली, एवढाच फरक. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, संमतीशिवाय कोणाचीही नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही. यंत्राचे हे झाले, माणसाच्या नजरेचे काय? २००६ मध्ये बाँड आणि डीपाउलो या अमेरिकी संशोधकांनी सुमारे चोवीस हजार लोकांवरचे प्रयोग एकत्र तपासले. समोरचा खरे बोलतो की खोटे, हे लोकांनी शंभरातून सरासरी चोपन्न वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवले तरी पन्नास वेळा बरोबर येते.

उलट सराईत लबाडाचे तोंड कधी कोरडे पडत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याच्या बतावणीखाली निवृत्त शिक्षकांची, डॉक्टरांची आयुष्यभराची पुंजी लुटणारे पोलिसी गणवेशात, थेट नजरेला नजर देऊन, एकदाही न अडखळता बोलतात. त्यांचे खोटे चेहऱ्यावर दिसत नाही. ते त्यांच्या मागणीत दिसते. आत्ताच्या आत्ता करा, घरच्यांना सांगू नका, फोन ठेवू नका, पैसे या खात्यात टाका. विचार करायला वेळ आणि दुसऱ्याला विचारायची मोकळीक, या दोनच गोष्टी ते हिरावून घेतात, कारण खोट्याला भीती असते ती याच दोहोंची. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. असा फोन आला तर तो बंद करा, घरच्यांना सांगा, आणि पैसे गेले असतील तर एक क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

चौकशी चेहऱ्याची नको, बोलण्याची करावी. कधी, कुठे, आणखी कोण होते, हे शांतपणे विचारावे आणि मग स्वतः उठून जाऊन पडताळावे. कागद असेल तर कागद पाहावा, दुसरा माणूस असेल तर त्याला विचारावे. समोरच्याला बसायला सांगावे, पाणी द्यावे. घाबरलेल्या माणसाला खरेही नीट सांगता येत नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा त्याच्या नावात ‘शोधक’ हा शब्द घातला. सत्य शोधावे लागते, त्याला कष्ट पडतात, आणि ते कष्ट टाळण्यासाठीच आपण दुबळ्याच्या तोंडाकडे पाहून निकाल देतो.

तुमच्या घरात काही हरवले, तर कोणालाही उभे करून विचारण्याआधी घर शोधा. आणि कधी काळी कोणावर खोटा आळ घेतला असेल, तर त्या माणसाच्या दारात स्वतः जा आणि माफी मागा. आज जा.