फिक्स्चरचे कारणत्व

मशिनवर कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, नेमक्या जागी पक्का धरून ठेवण्यासाठी खास बनवलेल्या साधनाला फिक्स्चर म्हणतात. कारखान्यात एक फिक्स्चर हजारो जॉबना पुरते. घरच्या लहान लेथवर इंजिनाचे मॉडेल घडवणारा मात्र एका-दोन भागांसाठी दोन-तीन संध्याकाळी घालवून ते बनवतो. भाग तयार झाला की ते फळीवर जाते. चालत्या इंजिनात त्याचा कणही नसतो. मग ते त्या भागाचे कारण आहे, की योगायोगाने आधी हजर असलेली एक वस्तू?

न्यायदर्शनाने हा प्रश्न घटाच्या उदाहरणावर सोडवला आहे. माती हे घटाचे समवायी कारण, म्हणजे ज्यातून तो घडतो ते. कुंभार, चाक, दांडा ही निमित्त कारणे. घट घडल्यावर दांडा मोडला तरी घटाचे काही बिघडत नाही, म्हणून दांड्याचे कारणत्व कमी होत नाही. पण आधी हजर असलेले सगळेच कारण नसते. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननाने ‘भाषापरिच्छेदा’त अशा पाच ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे आधी असूनही कारण न ठरणाऱ्या, गोष्टी सांगितल्या: दांड्याचे दंडत्व, दांड्याचा रंग, आकाश, कुंभाराचा बाप आणि गाढव. एखाद्या घटाची माती गाढवाने आणली असेलही. इतर घट त्याच्यावाचून होतातच.

फिक्स्चरवर पहिला आक्षेप नेमका हाच. व्हाइसमध्ये पॅकिंग देऊन, डायल लावून, फिक्स्चरवाचूनही तोच भाग करता येतो. म्हणजे ते गाढवाच्या पंक्तीला बसते. उत्तर एका प्रत्यक्ष कामात सापडते.

यवतमाळ–मूर्तिजापूर या 762 मिलिमीटर रुंदीच्या लोहमार्गावरची ‘शकुंतला’ ही आगगाडी विदर्भात सगळ्यांच्या ओळखीची. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत धावले. पुढे डिझेल आले. अशा इंजिनाचे मॉडेल करायला घेतले तर सगळ्यात नाजूक काम असते ते जोडचाके आसांवर बसवण्याचे. एका आसाच्या दोन टोकांच्या क्रँकपिनांमध्ये 90 अंशांचा फरक ठेवतात, म्हणजे एका बाजूचा दट्ट्या डेड सेंटरला, म्हणजे जोर न लागणाऱ्या टोकाला, असला तरी दुसऱ्या बाजूचा जोर लावतो. त्यासाठी एक साधे फिक्स्चर करतात: आस दोन खाचांत ठेवायचा, एका चाकाची पिन आडव्या टेकूवर, दुसऱ्याची उभ्या टेकूला, मग चाके दाबून पक्की करायची. आता समजा टेकू चुकला आणि कोन 89 अंशांचा आला. तरी इंजिन विनातक्रार फिरते, कारण प्रत्येक आसावर तोच 89 आहे. उलट दर वेळी निराळे मोजमाप करून एक आस 90 आणि दुसरा 89 ला बसवला, तर जोडदांडे अडकतात आणि चाके जाम होतात.

इथे कार्य ‘चाक’ हे नाही, ‘90 अंश’ हेही नाही. आसांमधला सारखेपणा हे कार्य आहे, आणि तो एकाच धारकातून येतो. आक्षेप घेणाऱ्याने कार्य ढोबळ सांगितले, म्हणून त्याला कारण अनावश्यक वाटले. कार्य नीट सांगितले की फिक्स्चर गाढवाजवळून उठून दांड्याजवळ येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. न्यायाच्या एका व्याख्येनुसार करण म्हणजे व्यापार, अर्थात कार्य घडवणारी क्रिया, असलेले असाधारण कारण. दांडा चाक फिरवतो, कुऱ्हाड लाकडावर पडते. फिक्स्चर तर हलतच नाही. पण मोकळ्या वस्तूला सहा प्रकारे हलता येते, तीन दिशांना सरकून आणि तीन अक्षांभोवती वळून. तळाला तीन टेकू, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक अशा सहा टेकूंवर क्लॅम्पने जॉब दाबला की हे सहाही मार्ग बंद होतात. कटर जेवढ्या जोराने ढकलतो तेवढाच जोर टेकू परत देतो. हा प्रतिरोधच फिक्स्चरचा व्यापार. गती दिसत नाही म्हणून क्रिया नाही असे मानणे घाईचे होईल.

धरण्यालाही मर्यादा असते. पातळ सिलिंडर तीन जबड्यांच्या चकमध्ये करकचून आवळला तर तो किंचित दबतो. त्या अवस्थेत बोअर अगदी गोल कापला जातो. जबडे सोडले की धातू पूर्वपदावर येतो आणि गोल भोक तीन पाकळ्यांचे होते. निमित्त कारण वस्तूत शिरायला नको होते, ते शिरले. म्हणून जाणकार अशा वेळी सगळ्या बाजूंनी सारखी धरणारी चिरलेली कडी करतात, किंवा सिलिंडर टोकाकडून दाबतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या पाच कारणांत पहिले अधिष्ठान येते, नंतर कर्ता, साधने, चेष्टा आणि दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. फिक्स्चरला ते नाव देणे हा अर्थाचा विस्तार आहे. तरी करणाऱ्याच्याही आधी आधाराची जागा मोजली गेली, हे लेथपाशी उभे राहिल्यावर फार खरे वाटते. खंडेनवमीला लेथ, व्हाइस, टॅप-डाय पुसून हळदकुंकू वाहतात. न्यायाच्या कसोटीने फळीवरच्या फिक्स्चरचाही त्या पूजेवर तेवढाच हक्क आहे. पुढे एखादी पिन झिजली, चाक काढून पुन्हा बसवावे लागले, तर त्याच खाचांत आस ठेवून तोच कोन पुन्हा मिळतो.