परसातील भेदरे व बागवानाचा हात

(शास्त्रपाठ : योहान 15:1-8)

पावसाचा जोर ओसरला म्हणजे वैनगंगेच्या काठी घरोघरी सांदवाडीत भेदऱ्यांची रोपे लागतात. शहरातील लोक ह्या फळास टमाटर म्हणतात. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत. तथापि आपल्या उकिरड्यावरही ते आपोआप उगवते, व लहान, आंबट फळे देते. चटणीस ती लहान फळेच बरी, असे आमचे मत आहे. परंतु फळ मोठे यावे अशी ज्याची इच्छा, त्यास श्रम चुकत नाहीत.

कोणी म्हणेल, उपदेशकाने खतामातीविषयी काय बोलावे? 1910 साली अलाहाबादेस शेतकी संस्था स्थापणारे मिशनरी सॅम हिगिनबॉटम ह्यांनी तर मातीचे काम सुवार्तेच्या सेवेचाच भाग मानिले.

प्रथम ऋतू ओळखावा. चांद्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि दिवसाची उष्णता 35 अंशांपलीकडे गेली की फूल बहुधा फळ न धरिताच गळते. यास्तव रोपे भाद्रपद-आश्विनात लावून हिवाळ्यात फळ घ्यावे. ज्या वाफ्यात वांगी किंवा मिरची मर रोगाने गेली, तो वाफा सोडावा. दोन रोपांत दीड हात अंतर, चांगले कुजलेले शेणखत, आणि बुडाशी तणसाचे आच्छादन असावे. पाणी नेमाने द्यावे. चार दिवस कोरड व पाचव्या दिवशी पूर असे झाले म्हणजे फळ तडकते, किंवा त्याचे बूड काळे पडते. जे नाताळास मात्र मंदिरात येतात व पुढे वर्षभर दिसत नाहीत, त्यांनी ह्या फळाकडे एकदा पाहावे.

आता मुख्य गोष्ट. उंच वाढणाऱ्या जातीस बांबूचा आधार देऊन, पान व खोड ह्यांच्या बेचक्यात येणारा नवा फुटवा बोटभर असतानाच खुडावा. (ठेंगण्या जातीस असे करू नये, तिचे फळच कमी होते.) घोसात गर्दी असल्यास तीन-चार फळे ठेवून बाकीची कोवळी असतानाच काढावी. येथे पुष्कळांचा हात थबकतो, कारण तो फुटवा रोगट नसतो, हिरवागार असतो. वाळलेली फांदी कोणीही तोडील. निरोगी फुटवा खुडण्यास विश्वास लागतो.

प्रभूने द्राक्षवेलाविषयी हेच सांगितले. पिता छाटितो तो फळ देणाराच फाटा. मूळ ग्रीक शब्दात स्वच्छ करणे हाही अर्थ आहे. कर्ज काढून घातलेला लग्नाचा मोठा मांडव, किंवा उपदेशकाने अंगावर घेतलेल्या दहा सभा, ज्यांपायी आजाऱ्याच्या घरी जाण्यास त्यास वेळ उरत नाही: ही पापे नव्हेत, फुटवे होत. मूळाचा रस मात्र तीच पितात.

परंतु एक सावधगिरी बाळगावी, व ही आम्ही विशेषतः उपदेशकांस सांगतो. रात्री रानडुकरे शिरून वाडी तुडवितात, त्यास कोणी छाटणी म्हणत नाही. बागवान फळाजवळचा फुटवा तेवढा काढितो, आणि काढून झाडाजवळच राहतो. डुक्कर मुळासकट उपटून निघून जाते. आपल्या ह्या जंगलमुलखात मोहफुले वेचावयास गेलेला मनुष्य वाघाच्या तोंडी पडतो, आणि मंडळीतला कोणी विधवेस म्हणतो, बाई, देवाने छाटणी केली. असे बोलण्याचा अधिकार आपणांस शास्त्राने दिलेला नाही. त्या घरी योहानाचा 15 वा अध्याय उघडू नये. उघडावयाचाच तर 11 वा उघडावा, जेथे प्रभू मित्राच्या कबरेकडे जाताना स्वतः रडला. त्यापूर्वी पाणी भरावे, लेकरांस जेवू घालावे, पंचनाम्याचे कागद नीट सांभाळून ठेवावे, व नुकसानभरपाईच्या अर्जासाठी त्या बाईबरोबर वनखात्याच्या कचेरीत जावे. एकदा जाऊन काम झाले नाही तर पुन्हा जावे.